लगतधारक गैरहजर

शार्दूलनं फोनवर विचारलं,
आजोबा, तुमच्या एअरपोर्टपासून आमच्या एअरपोर्टपर्यंत किती?
शाळेत लिहून न्यायचंय.

थांब म्हटलं, चष्मा घेतो.

छत्तीस वर्षं करवीर तालुक्याची मोजणी केली मी.
कुठून कुठवर हे ठरल्याशिवाय
साखळी पिशवीतून काढायची नाही.
तेव्हा आधी खुणा.

इकडची खूण मला पाठ आहे.
उजळाईवाडीच्या माळावर, आता धावपट्टी संपते तिथं,
चुना लावलेला हद्दीचा दगड होता,
दस्तगीर मुजावरनं माझ्यादेखत पुरलेला.
त्यावरच बसून त्यानं डबा सोडला
आणि म्हणाला, साहेब, हितनं माणसं उडणार म्हणं.
म्हणं, मी म्हटलं. चटणी दे.

पलीकडची खूण मी पाहिलेली नाही.
व्हँकुव्हर.
पोरगा म्हणतो, पाण्याला लागून आहे, बगळे असतात.
आमच्या रंकाळ्यालाही असतात.

शालनच्या डब्यातला पिवळा दोरा घेतला,
आणि पृथ्वीचा गोल, शाहूपुरीतनं आणलेला, आस जरा ढिली.
मला वाटलं, दोरा मावळतीला जाईल,
अरबस्तान, युरोप, मग नुसतं पाणी.
भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं.
पण ताणला तसा तो सरकत सरकत
उत्तरेला उभा राहिला.
बारामतीवरून, लडाखवरून,
सैबेरियाच्या पडीक रानातून,
गोठलेल्या समुद्राची कड धरून
वरच्या अंगानं पोराच्या दारात.

दोऱ्याच्या हिशेबानं बारा हजार तीनशे.
कॉम्प्युटर म्हणतो, बारा हजार चारशे ब्याण्णव किलोमीटर.
दोऱ्याची चूक मान्य.

तेहतीस फुटी साखळी, सोळा आण्यांची:
बारा लाख बेचाळीस हजार साखळ्या.
दस्तगीर पुढं, मी मागं,
वाटेत उभा ऊस नसेल, भाऊबंद काठ्या घेऊन आले नसतील,
तर दिवसाला तीनशे.
रविवार, बेंदूर, जोतिबाची चैत्र यात्रा सोडून
सोळा-सतरा वर्षं.
दस्तगीर जाऊन सहा झाली.

आणि रेघेवरून जातंय कोण?
उत्तरेच्या गावाला निघालेला माणूस
आधी बंगळूरला, दक्षिणेला, उडतो,
मग कुठल्यातरी परक्या गावात सात तास बाकड्यावर.
पोरगा गेला तेव्हा गच्चीत उभे होतो आम्ही.
विमान कणेरीच्या अंगाला वळलं.
शालन म्हणाली, उलटं चाललंय की ओ हे.
मी म्हटलं, तिकीट तसंच आहे.

जुन्या सवयीनं कागद काढला, टाक नाही, बॉलपेन.
मोजणीचा प्रकार: साधी.
अर्जदार: शार्दूल, इयत्ता चौथी.
मोजणी म्हटली की लगतच्या सगळ्यांना नोटीस लागते.
डावीकडं बर्फ. उजवीकडं बर्फ.
मधे कुठंतरी एक अस्वल, असलं तर.
लिहिलं: लगतधारक गैरहजर.
हरकत कुणाची नाही.

पंच म्हणून शालनला सही मागितली.
ती म्हणाली, मी न्हाई करत जा.
माझा दोरा द्या आधी.
आणि दिवाणावर बसून
बारामती, लडाख, सगळा सैबेरिया
तिनं सुईत ओवला
आणि माझ्या बुशकोटाचं तिसरं बटण लावलं.
उरला तो दातानं तोडला.
मग कागद ओढून, न वाचताच, सही केली,
लग्नाआधीच्या आडनावानं. सवयीनं म्हणे. चाळीस वर्षांनी.

आकडा कळवला.
रात्री शार्दूलचा फोटो आला:
विमानतळाचं तारेचं कुंपण,
त्याच्या बुडाशी ठेवलेला एक करडा खडा, वर खडूनं फुली.
आजोबा, ही खूण चालेल का?

सुटा खडा खूण म्हणून धरत नाहीत.
कुणीही लाथेनं उडवतं, पाऊस फुली पुसतो,
अशा खुणेवर मी आयुष्यात रेघ ओढली नाही,
दस्तगीरलाही ओढू दिली नाही.

चालेल, मी लिहिलं.